गुडघ्याच्या झिजेवर स्टेम सेल उपचार: दावा काय, पुरावा काय?

गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेशिवाय बरे करणारा उपचार म्हणून ‘स्टेम सेल थेरपी’चे नाव गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकू येते. ‘गुडघा बदलू नका, स्वतःच्याच पेशींनी नवा करा’ अशा आशयाच्या जाहिराती मोबाईलवर दिसतात. मुळात स्टेम सेल हे एकाच औषधाचे नाव नाही. या एका नावाखाली तीन-चार अगदी वेगवेगळ्या गोष्टी गुडघ्यात टोचल्या जातात. त्यांतल्या काहींची रीतसर चाचणी झाली आहे, काहींची नाही. आजवरच्या पुराव्यानुसार सुरुवातीच्या आणि मध्यम टप्प्यातील काही रुग्णांचे दुखणे या उपचाराने कमी होऊ शकते. झिजलेला सांधा मात्र त्यामुळे पूर्ववत होत नाही.

गुडघ्यात नेमके काय झिजते?

‘वाटी झिजली’, ‘वंगण संपले’, ‘गुडघ्यात गॅप आला’ असे बोलण्यात येते. वैद्यकीय भाषेत या आजाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मराठीत त्याला झिजेचा संधिवात म्हटले जाते. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वेगळा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे एकमेकांवर सरकतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. कूर्चेचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिची देखभाल करणाऱ्या पेशी एकूण आकारमानाच्या जेमतेम एक ते पाच टक्के असतात. त्वचा कापली तर रक्ताबरोबर दुरुस्तीचे सामान तिथे पोहोचते, कूर्चेपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून कूर्चा एकदा खराब झाली की भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शल्यवैद्याने लंडनमध्ये १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते.

झीज फक्त कूर्चेपुरती मर्यादित राहत नाही. कूर्चेखालचे हाड बदलते, कडेला हाडाचे टोकदार उंचवटे येतात, सांध्याचे अस्तर सुजते आणि भोवतालचे स्नायू दुबळे होतात. एक्स-रे पाहून डॉक्टर झिजेची प्रतवारी करतात. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली शून्य ते चार अशी ही पद्धत आजही वापरात आहे. स्टेम सेल उपचाराच्या चर्चेत ही प्रतवारी फार महत्त्वाची ठरते.

कामगारवस्तीतला आजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना झिजेचा संधिवात होता. त्यांतील सुमारे ६० टक्के महिला होत्या. सर्वाधिक बाधित होणारा सांधा गुडघा आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन एक पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांधेविकारविषयक कार्यक्रमाचा ती भाग होती आणि पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा तिचे प्रमुख होते. हाडे, स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी १८.२ टक्के प्रौढांमध्ये आढळल्या. सांधेदुखी हा केवळ शहरी सुखवस्तू लोकांचा आजार नाही, हे या पाहणीने स्पष्ट केले.

पिंपरी-चिंचवडमध्ये औद्योगिक वसाहत साठच्या दशकात वाढू लागली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इथल्या कारखान्यांत रुजू झालेली पिढी आता निवृत्त झाली आहे. त्यानंतर वाढलेल्या चाकण पट्ट्यात वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे अनेक जण आता चाळिशी-पन्नाशीकडे झुकले आहेत. वारंवार गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून काम करणे आणि जड वजन उचलणे यांमुळे गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढतो. वाढलेले वजन, वय, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही इतर मोठी कारणे आहेत. बैठे काम करणाराही सुटत नाही, कारण वजन वाढते आणि मांडीचे स्नायू कमजोर होतात.

अशा माणसाला दोन पर्याय दिसतात. दुखणे सहन करत गोळ्या घ्यायच्या किंवा शस्त्रक्रिया करायची. कंत्राटी कामगाराला दीर्घ रजा परवडत नाही आणि निवृत्त माणसाला भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक जपायची असते. ‘एका इंजेक्शनात काम होईल’ हे वाक्य म्हणूनच त्यांना फार मोलाचे वाटते.

स्टेम सेल म्हणजे काय?

स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. स्वतःच्या प्रती तयार करणे आणि गरजेनुसार वेगळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होणे, ही तिची दोन वैशिष्ट्ये. अस्थिमज्जेतल्या काही मूलपेशी रक्त तयार करतात. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात केले जाणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण याच पेशींवर आधारलेले आहे आणि तो सिद्ध झालेला उपचार आहे.

गुडघ्यासाठी वापरल्या जातात त्या मेसेन्कायमल पेशी. अस्थिमज्जा, चरबी आणि बाळाची नाळ ही त्यांची मुख्य ठिकाणे. प्रयोगशाळेत योग्य परिस्थिती दिली तर त्यांच्यापासून हाड, कूर्चा किंवा चरबीच्या पेशी बनवता येतात. त्यामुळे या पेशी सांध्यात सोडल्या की तिथे नवी कूर्चा तयार होईल, अशी सुरुवातीची कल्पना होती.

प्रत्यक्षात तसे घडताना दिसले नाही. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक सांध्यात फार काळ टिकत नाहीत. त्या काही रासायनिक संदेश सोडतात आणि त्यामुळे सांध्याच्या अस्तराची सूज कमी होते, असे आता मानले जाते. १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव देणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलण्याची मागणी केली. या पेशी शरीरात नवे अवयव घडवत नाहीत, तर औषधासारखे संदेश देतात, आणि ‘स्टेम सेल’ या नावामुळे रुग्णांची दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे होते.

एकाच नावाखाली चार गोष्टी

दवाखान्यात ‘स्टेम सेल’ म्हणून सांगितले जाते तेव्हा पुढीलपैकी काहीही असू शकते.

१. पीआरपी: रुग्णाच्या दंडातून रक्त काढून, ते यंत्रात फिरवून त्यातला रक्तबिंबिकांनी समृद्ध भाग गुडघ्यात टोचतात. यात मूलपेशींचा संबंध नसतो. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी आणि साधे सलाईन यांच्यात वेदनेच्या किंवा कूर्चेच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही.

२. अस्थिमज्जेचा अर्क: कमरेच्या हाडातून मज्जा काढून, ती घट्ट करून त्याच दिवशी गुडघ्यात सोडतात. मज्जेतल्या दर दहा हजार ते एक लाख पेशींमागे मेसेन्कायमल पेशी साधारण एकच असते. म्हणजे सिरिंजमध्ये मुख्यतः इतरच पेशी असतात.

३. चरबीचा अर्क: पोटाची किंवा मांडीची चरबी काढून त्यातून पेशींचे मिश्रण वेगळे करतात. मिश्रणात काय आणि किती आहे, हे रुग्णागणिक बदलते.

४. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी: निरोगी दात्यांच्या मज्जेतून किंवा नाळेतून मेसेन्कायमल पेशी निवडून, काही आठवडे वाढवून, तपासून, गोठवून ठेवतात. प्रत्येक मात्रेत ठरावीक संख्येने पेशी असतात.

पहिल्या तीन प्रकारांत नेमकी मात्रा सांगता येत नाही. चौथ्यात ती सांगता येते, म्हणून त्याची औषधासारखी चाचणी घेणे शक्य होते.

चाचण्यांमधून काय दिसले?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली एक लहान चाचणी समजून घेण्यासारखी आहे. दोन्ही गुडघे दुखणाऱ्या २५ रुग्णांच्या एका गुडघ्यात अस्थिमज्जेचा अर्क आणि दुसऱ्यात सलाईन टोचले. कोणत्या गुडघ्यात काय आहे हे रुग्णांना सांगितले नव्हते. वेदना कमी झाल्या, पण दोन्ही गुडघ्यांत सारख्याच. सलाईनच्या गुडघ्यालाही आराम पडला होता.

याचे एक कारण म्हणजे झिजेचे दुखणे कमी-जास्त होत असते. दुखणे शिगेला पोहोचते तेव्हाच माणूस इंजेक्शन घ्यायला जातो आणि त्यानंतर ते आपोआपही थोडे उतरते. उपचारावरचा विश्वासही वेदना कमी करतो. त्यामुळे ‘शेजारच्या काकांना फरक पडला’ हा अनुभव खरा असला, तरी तो फरक पेशींमुळेच पडला असे त्यावरून सिद्ध होत नाही.

भारतातले महत्त्वाचे काम बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीचे आहे. दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या वेगवेगळ्या मात्रा कंपनीने ६० रुग्णांवर तपासल्या. अडीच कोटी पेशींची सर्वांत लहान मात्रा सर्वांत आश्वासक ठरली. मोठ्या मात्रांनी सूज आणि वेदना यांचा त्रास वाढला. ‘आमच्या इंजेक्शनमध्ये जास्त पेशी’ हा जाहिरातीतला मुद्दा म्हणून गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही.

पुढे १४६ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. सर्व रुग्ण प्रतवारी दोन आणि तीनचे होते. वर्षभरानंतर वेदना, ताठरपणा आणि हालचाल यांत पेशी घेतलेल्या गटाची सुधारणा प्लासिबो गटापेक्षा जास्त होती. एमआरआयमध्ये पेशी घेतलेल्यांच्या कूर्चेची अवस्था आणखी बिघडल्याचे दिसले नाही, मात्र कूर्चेचे आकारमान लक्षणीय वाढलेही नाही. ही चाचणी कंपनीने स्वतः करवलेली होती आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध ‘स्टेमवन’ नावाने मुंबईच्या अल्केम कंपनीमार्फत २०२२ मध्ये भारतीय बाजारात आले.

याच्या उलट निष्कर्ष देणारी मोठी चाचणी अमेरिकेतली आहे. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ४७५ रुग्णांची तुलना होती: अस्थिमज्जेचा अर्क, चरबीचा अर्क, नाळेतल्या पेशी आणि नेहमीचे स्टिरॉइडचे इंजेक्शन. वर्षभरानंतर तिन्ही पेशी-उपचारांपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. स्टिरॉइड स्वस्त आहे, पण तेही वारंवार घेण्यासारखे नाही. दर तीन महिन्यांनी अशी दोन वर्षे स्टिरॉइडची इंजेक्शने दिल्यावर कूर्चा अधिक झिजल्याचे २०१७ च्या एका चाचणीत आढळले होते.

जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२५ मध्ये आढावा प्रसिद्ध केला. प्लासिबोच्या तुलनेत स्टेम सेल इंजेक्शनने वेदना आणि हालचालीत थोडी सुधारणा होत असावी, पण पुराव्याची खात्री कमी आहे, असा त्याचा सारांश आहे.

कायदा काय सांगतो?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाच्या सार्वजनिक क्षेत्रात पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीनही सजीव बुरशीपासून मिळते. पण प्रत्येक बॅचची शुद्धता आणि तीव्रता तपासल्याशिवाय ते बाहेर जात नसे. सजीव पेशींपासून बनलेल्या औषधालाही भारतीय कायदा हाच न्याय लावतो.

नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ नुसार मूलपेशींपासून तयार केलेले उत्पादन नेहमीच ‘नवीन औषध’ मानले जाते. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मान्यतेशिवाय ते विकता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. मूलपेशींचा इतर वापर प्रायोगिक समजावा आणि तो मंजूर चाचणीतच व्हावा. नंतर एखाद्या उत्पादनाला स्वतंत्र मान्यता मिळाली, तर ती त्याच उत्पादनापुरती आणि ठरलेल्या आजारापुरती असते. त्या मान्यतेच्या आधारे दुसऱ्या कुणाचा अर्क वैध ठरत नाही.

पुण्यात गणेशखिंडच्या विद्यापीठ परिसरात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे आणि तिथे मूलपेशींवर मूलभूत संशोधन चालते. मात्र प्रयोगशाळेत संशोधन सुरू आहे याचा अर्थ दवाखान्यातला उपचार सिद्ध झाला आहे, असा होत नाही.

मंजूर चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय मदत आणि भरपाईची तरतूद नियमांत आहे. ‘हा संशोधनाचा भाग आहे’ असे सांगून कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर तिथेच थांबून चौकशी करावी.

धोके

वाढवलेल्या पेशींच्या चाचण्यांमध्ये इंजेक्शननंतर काही दिवस सूज आणि वेदना हा मुख्य त्रास दिसला. गंभीर त्रास क्वचितच आढळले. पण ही सुरक्षितता तपासलेल्या उत्पादनाची आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये बाळाच्या नाळेतल्या रक्तापासून बनवलेले, मान्यता नसलेले एक उत्पादन टोचून घेतलेल्या १२ जणांना जिवाणूंचा संसर्ग झाला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सांध्यात पू झाला तर उरलेली कूर्चाही वेगाने नष्ट होऊ शकते. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो.

दुसरा धोका वेळेचा आणि पैशांचा. प्रतवारी चारच्या, पाय वाकलेल्या गुडघ्यासाठी हा उपचार पुरेसा तपासलेला नाही. अशा रुग्णाने साठवलेले पैसे इंजेक्शनवर घालवले, तर शस्त्रक्रियेसाठी काही उरत नाही.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

कारखान्यात सुटा भाग आत घेताना बॅच नंबर आणि तपासणी अहवाल पाहिला जातो. इथेही तेच करावे.

• टोचणार ते नेमके काय आहे: पीआरपी, मज्जेचा अर्क, चरबीचा अर्क की वाढवलेल्या पेशी?
• उत्पादनाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेले लेबल दाखवता येईल का?
• केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? असल्यास कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या प्रतवारीसाठी?
• चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय? भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते.
• माझ्या गुडघ्याची प्रतवारी किती?
• फरक पडला नाही तर पुढे काय करायचे?

उत्तरे लेखी आणि पक्क्या बिलासह मागावीत. टाळाटाळ झाली तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. पिंपरीतले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असे मत घेण्यासाठी जवळचे आहे. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांना मोहननगर, चिंचवड येथील योजनेच्या रुग्णालयात जाता येते.

सिद्ध झालेले उपाय

मांडीचे स्नायू बळकट करणारे नियमित व्यायाम आणि वजन कमी करणे, हे जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांमधले पहिले उपाय आहेत. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील अभ्यासात दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी केलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या त्रासदायक झिजेचा धोका निम्म्याने घटला होता. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणे, काम करताना उकिडवे बसण्याऐवजी स्टूल वापरणे, वजन उचलायला ट्रॉली घेणे आणि गरजेपुरती वेदनाशामक मलमे लावणे यांचाही उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, कारण त्या मूत्रपिंड आणि जठराला त्रास देऊ शकतात.

झीज शेवटच्या टप्प्यात असेल आणि रात्रीची झोपही लागत नसेल, तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया हा भरवशाचा उपाय आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची कमाल किंमत त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. हा फक्त गुडघ्याचा दर आहे, रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो. बिलात ही रक्कम स्वतंत्र दाखवलेली आहे का, हे तपासावे.

प्रतवारी दोन किंवा तीन असलेल्या रुग्णाने काही महिने नियमित व्यायाम आणि वजनावर नियंत्रण ठेवूनही दुखणे कमी झाले नाही, तर मान्यताप्राप्त उत्पादनाबद्दल अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलायला हरकत नाही. त्यातून वेदना काही प्रमाणात कमी होण्याची शक्यता आहे, खात्री नाही. नवी कूर्चा उगवण्याची हमी देणारा उपचार आज तरी कोणाकडेही उपलब्ध नाही.